जून लागला की व्हिस्कॉसिटी पडते: डी-फोरच्या बॅचमध्ये दोष कॅटॅलिस्टचा की पाण्याचा?

लक्षण आधी सांगते, म्हणजे ज्यांना हेच दुखणं आहे त्यांना लगेच ओळख पटेल. डी-फोर, म्हणजे ऑक्टामिथाइलसायक्लोटेट्रासिलॉक्झेन हा वलयाकार रेणूंचा कच्चा माल, घ्यायचं आणि कॉस्टिक पोटॅशच्या कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) १५० अंशाला ती वलयं उघडून व्हिनाइल टोकांचं सिलिकॉन पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्या, करायच्या. टार्गेट व्हिस्कॉसिटी, म्हणजे मालाचा दाटपणा, २५ अंशाला २०,००० सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक). नोव्हेंबरपासून मेपर्यंत बॅच व्यवस्थित लागतात, म्हणजे टार्गेटवर येतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाची पहिली सर येते आणि आकडा घसरायला लागतो. आधी १५,०००, मग नऊ-दहा हजार, जुलैच्या मध्यावर थेट पाच-साडेपाच हजार. वजनं बदललेली नसतात, तापमानाचा चार्ट सरळ असतो, पुरवठादार तोच असतो. गणपती जाऊन ऑक्टोबरचं ऊन तापलं की बॅच पुन्हा लागायला लागतात, आणि मग सगळे पुढच्या जूनपर्यंत हा विषय विसरून जातात.

आमची लॅब अंधेरीच्या एमआयडीसीत आहे, खाली छोटा पायलट रिॲक्टर. या दुखण्याने आमचे तीन पावसाळे खाल्ले. त्यातले पहिले दोन पूर्ण वाया गेले, कारण आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी कॅटॅलिस्टकडे बोट दाखवलं, मी सुद्धा. पोटॅश मस्जिद बंदरच्या वडगादीतून, रसायनांच्या बाजारातून, येत होता, तो बंद करून महागाचा लॅब ग्रेड मागवला. फरक पडला नाही. मग मात्रा ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १०० केली. बॅच थोडी लवकर संपली, पण व्हिस्कॉसिटी आणखी खाली गेली. त्या वेळी मला ते कोडंच वाटलं. आता कळतं की त्यात कोडं काहीच नव्हतं, दोन्ही गोष्टी तशाच व्हायला हव्या होत्या. ग्रब आणि ऑस्टहॉफ यांनी १९५५ साली डी-फोर आणि पोटॅशचा वेग मोजला, तेव्हा तो कॅटॅलिस्टच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने वाढतो असं दिसलं. पोटॅश साखळीच्या टोकाला बसून जो सिलॅनोलेट होतो त्याचे रेणू एकमेकांना चिकटून जोड्या करून बसतात आणि त्यातून सुटलेलाच काम करतो. त्यामुळे मात्रा दुप्पट केली तरी वेग जेमतेम १.४ पट होतो. आणि पोटॅशचा प्रत्येक रेणू वलय उघडताना एक नवी साखळी सुरू करतो; साखळ्या जितक्या जास्त तितक्या त्या आखूड आणि माल पातळ. ५० पीपीएम जादा पोटॅश एवढ्या एकाच कारणाने २०,००० ची बॅच १५,००० च्या आसपास उतरते. म्हणजे उपाय म्हणून आम्ही जे करत होतो त्यानेच आजार वाढत होता.

दुसऱ्या वर्षी मी कॅटॅलिस्टच बदलला. टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड, आपल्या बोलण्यातला टीएमएएच. याच्यावर माझा फार जीव होता. ९०-१०० अंशाला काम करतो, आणि काम झालं की १५० च्या पुढे तापवला की स्वतःच फुटून ट्रायमिथाइल अमाइन होऊन उडून जातो. न्यूट्रल करायची, म्हणजे ॲसिड घालून कॅटॅलिस्ट निकामी करायची, कटकट नाही, मागे क्षार उरत नाही. गिल्बर्ट आणि कँटर यांनी १९५९ मध्ये असे तात्पुरते कॅटॅलिस्ट मांडले आणि उद्योग ते आजही वापरतो. मी पांढरे खडे वजन करून सरळ रिॲक्टरमध्ये टाकले. बॅच पाच हजारांच्याही खाली आली.

खडे म्हणजे पेंटाहायड्रेट. एका रेणूमागे पाण्याचे पाच रेणू. वजनाने बघा: टीएमएएच ९१ आणि सोबतचं पाणी ९०. म्हणजे १०० पीपीएम कॅटॅलिस्ट टाकला की जवळजवळ १०० पीपीएम पाणी मी स्वतःच्या हाताने आत ढकलत होते. डबीवरचं लेबल मी वाचलं होतं, त्यावरचा अंक मात्र मनात घेतला नव्हता.

तिसऱ्या वर्षी वाट दाखवली ती रिॲक्टर चालवणाऱ्या काकांनी. ते आपल्या वहीत बॅच नंबरसोबत पाऊस होता की उघडीप, एवढं लिहून ठेवत. जुलैत दोन-तीन दिवस उघडीप होती, त्या वेळची बॅच १४,००० ला लागली होती. आधीची आणि नंतरची दोन्ही सहा हजारांच्या आत. “मॅडम, माल बिघडत नाहीये, हवा बिघडतेय,” ते म्हणाले. पोटॅश तोच, डी-फोरचा ड्रमही तोच. त्या दिवशी मी कॅटॅलिस्टची फाइल बाजूला ठेवली आणि साखळ्यांची टोकं मोजायला बसले.

आधी हे ठरवा: कॅटॅलिस्ट चालला की नाही

व्हिस्कॉसिटी कमी आली म्हणजे दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एकतर डी-फोर पूर्ण उघडलाच नाही, किंवा उघडला पण साखळ्या आखूड झाल्या. दोन्हींची दिसणारी खूण एकच, पातळ माल. औषध मात्र अगदी वेगळं आहे. म्हणून पहिली तपासणी व्हिस्कॉसिटीची नाही, नॉन-व्होलाटाइलची, म्हणजे तापवल्यावर न उडणाऱ्या भागाची करा.

ॲल्युमिनियमच्या डिशमध्ये दोन ग्रॅम नमुना पातळ पसरा, १५० अंशाच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवा, परत वजन करा. पण त्याआधी, आणि हे मी ठळकपणे सांगतेय, नमुन्यात टोल्युइनमध्ये पातळ केलेल्या ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब घालून तो न्यूट्रल करा. तसं केलं नाही तर जिवंत कॅटॅलिस्ट ओव्हनमध्ये पॉलिमर सोलत बसतो. साखळीतून वलयं सुटत जातात, उडून जातात, आणि तुमचा आकडा ८७ ऐवजी ६५ येतो. मग तुम्ही म्हणता की रिॲक्शन अर्धवट राहिली. आमच्याकडे पहिल्या वर्षी नॉन-व्होलाटाइलचे आकडे होते, पण ते सगळे असे न्यूट्रल न करता घेतलेले. त्यामुळेच आम्ही कॅटॅलिस्टच्या मागे लागलो.

डी-फोरची रिॲक्शन कधीच १०० टक्के होत नाही. उघडणं आणि परत वलय होणं यांचा तोल साधारण ८५ ते ८७ टक्के पॉलिमरवर बसतो, बाकी डी-फोर, डी-फाइव्ह (त्याहून एक घर मोठं वलय) आणि थोडी आणखी मोठी वलयं उरतात. तुमचा न्यूट्रल केलेला नमुना ८६-८७ दाखवत असेल तर कॅटॅलिस्टने आपलं काम चोख केलंय. त्याला हात लावू नका. व्हिस्कॉसिटी तरीही कमी असेल तर साखळ्या जास्त झाल्या आहेत, टोकं कुठून तरी येताहेत. आकडा ६० किंवा ७० असेल आणि तासाभराने पुन्हा घेतला तरी फारसा हलत नसेल, तर मात्र कॅटॅलिस्टकडे वळा.

व्हिस्कॉसिटीही नीट मोजलेली हवी. स्ट्रिप केलेला, म्हणजे व्हॅक्यूममध्ये तापवून उरलेली वलयं काढून टाकलेला नमुना, २५ अंशाच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास. लॅबमध्ये ३२ अंश असताना तशीच मोजली तर १०-१२ टक्के कमी दिसते. त्यातून चौपट घसरण होत नाही, पण शंका एकदा मिटलेली बरी.

आणखी एक फसवी जागा. एंडब्लॉकर (साखळीचं टोक बंद करणारा रेणू) म्हणून हेक्सामिथाइलडायसिलॉक्झेन वापरत असाल, म्हणजे साधं सिलिकॉन ऑइल करत असाल, तर बेसवर तो डी-फोरपेक्षा सावकाश जुळतो. व्हिस्कॉसिटी आधी टार्गेटच्या वर उसळते, मग हळूहळू खाली येऊन बसते. शिखरावर नमुना घेणाऱ्याला वाटतं बॅच लागली, आणि दोन तासांनी तीच ‘पडते’. ती पडत नसते, बसत असते. सलग दोन नमुने सारखे येईपर्यंत थांबा.

थेंबाचा हिशेब

आमचा नॉन-व्होलाटाइलचा आकडा ८६.५ आला. कॅटॅलिस्ट निर्दोष. आता पाणी.

ए. जे. बॅरी यांनी १९४६ साली डायमिथाइल सिलिकॉनसाठी एक सूत्र दिलं, ते माझ्या टेबलासमोर कायम चिकटवलेलं आहे: २५ अंशाच्या व्हिस्कॉसिटीचा लॉग = १.०० + ०.०१२३ × मोलेक्युलर वेटचं (रेणुभाराचं) वर्गमूळ. व्हिस्कॉसिटी सेंटिस्टोकमध्ये. यावरून २०,००० साठी मोलेक्युलर वेट साधारण ७२,००० लागतं. एक किलो डी-फोर घेतलं, त्यातलं ८७० ग्रॅम पॉलिमर झालं, म्हणजे १२ मिलिमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) साखळ्या. तेवढ्या साखळ्यांची टोकं बंद करायला डायव्हिनाइल टेट्रामिथाइलडायसिलॉक्झेन हा आमचा एंडब्लॉकर लागतो फक्त सव्वादोन ग्रॅम.

पाण्याचा एक रेणू साखळीला दोन ओएच (हायड्रॉक्सिल) टोकं देतो, अगदी एंडब्लॉकरसारखीच. फरक एवढाच की त्याचं वजन १८ आणि एंडब्लॉकरचं १८६. किलोमध्ये १०० पीपीएम पाणी म्हणजे ०.१ ग्रॅम, ड्रॉपरचे दोन थेंब. ते ५.५ मिलिमोल जादा साखळ्या देतं. एकूण साडेसतरा झाल्या, मोलेक्युलर वेट ७२,००० वरून ४९,००० वर आलं, आणि सूत्रात टाकलं की व्हिस्कॉसिटी येते ५,४००.

हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मी दोनदा तपासला. जुलैत आमच्या वहीत जो आकडा येत होता तो हाच. दोन थेंब पाण्याने २०,००० चे साडेपाच हजार होतात.

या हिशेबात एक गोष्ट सैल आहे, ती सांगायला हवी. १५० अंशाला ओएच टोकं एकमेकांशी जुळून पाणी परत बाहेरही टाकतात. नायट्रोजनचा प्रवाह चांगला असेल आणि वाफ बाहेर जात असेल तर बरंच पाणी निघून जातं. पण आमच्याकडे कंडेन्सर सरळ उभा होता. वाफ वर जायची, थंड व्हायची आणि थेंब होऊन परत रिॲक्टरमध्ये पडायची. त्यामुळे आत शिरलेलं पाणी आतच फिरत राहायचं.

टोकं ओएचची आहेत याची खात्री करायला एक सोपी चाचणी आहे, तिला महागडं यंत्र लागत नाही. न्यूट्रल करून स्ट्रिप केलेल्या नमुन्यात तीन-चार टक्के इथाइल सिलिकेट आणि अर्धा टक्का डायब्युटाइल टिन डायलॉरेट मिसळून रात्रभर ठेवा. दोन्ही टोकांना व्हिनाइल असलेलं पॉलिमर तसंच वाहतं राहतं. ओएच टोकं असतील तर ते घट्ट होतं, जास्त असतील तर जेल होतं. आमचा जुलैचा नमुना सकाळी कपातून ओतताच येईना. मेचा नमुना शेजारच्या कपात मधासारखा वाहत होता.

पाणी शिरतं कुठून

मुंबईच्या जुलैत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. २५ अंशांहून थंड असलेली कुठलीही वस्तू बाहेर आणली की तिच्यावर पाणी धरतं. डी-फोर १७.५ अंशाला गोठतं आणि त्याची वाफ ज्वलनशील आहे, म्हणून आम्ही ड्रम एसी स्टोअरमध्ये २२ अंशाला ठेवायचो. काळजी घेत होतो असं वाटत होतं. तो ड्रम शेडमध्ये आणून लगेच झाकण उघडलं की बाहेरची दमट हवा थंड डी-फोरवर आणि ड्रमच्या आतल्या भिंतीवर पाणी सोडते. बाहेरून ड्रमला घाम आलेला सगळ्यांना दिसायचा. आतला घाम कुणी पाहिला नाही.

थंड नसलेल्या ड्रमचंही गणित करून बघा. २०० लिटरचा ड्रम अर्धा रिकामा झाला, वर १०० लिटर हवा. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे त्या हवेत २.३ ग्रॅम. खाली डी-फोर ९५ किलो. ते सगळं पाणी विरघळलं असं धरलं तर २४ पीपीएम. फक्त एकदा झाकण उघडल्याचे. आणि २४ पीपीएम पाणी २०,००० च्या बॅचला साडेतेरा हजारांवर आणायला पुरेसं आहे. ड्रम रोज उघडला की काय होत असेल ते समजतंच. आमच्या आकड्याची घसरण टप्प्याटप्प्याने का व्हायची याचं उत्तर मला इथे मिळालं.

आता ड्रम आदल्या दिवशी बाहेर काढतो, पूर्ण शेडच्या तापमानाला येऊ देतो, मोठं झाकण उघडतच नाही. छोट्या बुचातून नायट्रोजन देऊन दुसऱ्या नळीने माल ढकलून घेतो. ड्रम जिथून हवा आत घेतो त्या श्वासाच्या वाटेवर ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलची नळी. मुंबईच्या पावसात हे जेल चार-पाच दिवसांत गुलाबी होतं, ते बदलायचं काम कुणाच्या तरी नावावर असलं पाहिजे.

नायट्रोजनवरून मात्र मला खूप वाईट वाटलं. सिलिंडर कोरड्या ग्रेडचा, रेग्युलेटर नवा, आणि तो रिॲक्टरपर्यंत आणायला कॉरिडॉरमधून सहा मीटर पारदर्शक सिलिकॉन ट्यूब. आपल्याच धंद्यातली, लवचीक, स्वच्छ, उष्णतेला टिकणारी. पण सिलिकॉन रबरातून पाण्याची वाफ इतकी सहज आरपार जाते की साध्या प्लास्टिकांशी तुलनाच नाही. साखळी लवचीक, मधल्या जागा मोकळ्या, त्यामुळे वायू आणि वाफ दोन्ही झिरपतात. हाच गुण त्याला कॉन्टॅक्ट लेन्समध्ये उपयोगी पडतो. मी सिलिकॉनवर इतकी वर्षं काम करतेय आणि हे मला माहीत होतं. तरीही ती ट्यूब दमट कॉरिडॉरमधून नेताना ते आठवलं नाही. नळीच्या टोकाला आर्द्रतामापक लावला तेव्हा सिलिंडरपाशी कोरडा असलेला वायू रिॲक्टरपाशी स्पष्ट ओला निघाला. आता तिथे स्टीलची नळी आहे, शेवटचा हातभर भाग टेफ्लॉनचा.

बाकीच्या जागा थोडक्यात. रिॲक्टर धुऊन वाळवल्यावर तळाच्या व्हॉल्व्हमध्ये पाणी अडकतं, तिथे थोडा डी-फोर सोडून पहिला अर्धा लिटर काढून टाका. काचेच्या सांध्यांना सिलिकॉन ग्रीस लावू नका, बेसवर ते स्वतःच रिॲक्शनमध्ये विरघळतं आणि आपली टोकं देतं. पोटॅशऐवजी ॲसिड क्ले किंवा आयन एक्स्चेंज रेझिन या कॅटॅलिस्टवर काम करत असाल तर ते दोन्ही पोत्यातूनच भरपूर पाणी घेऊन येतात, आधी वाळवा.

सगळं करूनही थोडं पाणी राहणारच, म्हणून बॅचमध्येच वाळवणीचा टप्पा घाला. कॅटॅलिस्ट आणि एंडब्लॉकर टाकण्याआधी डी-फोर १०० अंशाच्या वर नेऊन नायट्रोजन खालून बुडबुड्यांनी सोडा आणि पहिला दोन-तीन टक्के माल बाजूच्या रिसीव्हरमध्ये काढून घ्या, परत आत पडू देऊ नका. पाणी डी-फोरच्या वाफेसोबत निघतं, रिसीव्हरमध्ये तळाला थेंब दिसतात. क्रम मात्र पाळा. व्हिनाइल एंडब्लॉकर १३९ अंशाला उकळतो, तो आधी टाकून वाळवणी केली तर त्याचा काही भाग उडून जातो आणि व्हिस्कॉसिटी टार्गेटच्या कितीतरी वर जाते. आमची एक बॅच अशी साठ हजारांना गेली होती.

पाणी मोजायला कार्ल फिशर कूलोमेट्रिक (पाण्याचा अगदी थोडा अंश मोजणारं टायट्रेशन) वापरा, पण डी-फोरवर. पॉलिमरवर वापराल तर दोन अडचणी येतात. पॉलिमर मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, टोल्युइनसारखा सोबती द्यावा लागतो. आणि ओएच टोकं मिथेनॉलशी जुळून नवीन पाणी सोडतात, त्यामुळे आकडा फुगतो. वाळवणीनंतर आणि कॅटॅलिस्ट टाकण्याआधी डी-फोरचा आकडा १० पीपीएमच्या आत असल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

कॅटॅलिस्ट खरोखरच मेला असेल तर

नॉन-व्होलाटाइल कमी आलं तर संशय रास्त आहे. पोटॅश हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो, त्याचं कार्बोनेट होतं, आणि कार्बोनेट डी-फोर उघडत नाही. शिवाय ताज्या पेलेट्सही ८५ टक्केच पोटॅश असतात, बाकी बहुतेक पाणी. म्हणून वजनावर विश्वास ठेवू नका, टायट्रेशन करा. फिनॉल्फ्थॅलीनवर एकदा आणि मिथाइल ऑरेंजवर पुढे एकदा. बीएस्सीला प्रत्येकाने केलेलं वॉर्डर टायट्रेशन. दोन एंड पॉइंटमधलं अंतर जितकं जास्त तितकं कार्बोनेट जास्त.

दुसरं कारण बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही: डी-फोरमधलं ॲसिड. डी-फोर डायमिथाइलडायक्लोरोसिलेनपासून होतं, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडचा अंश राहू शकतो. १० पीपीएम ॲसिड १५ पीपीएम पोटॅश मारतं. ५० पीपीएमवर काम करणाऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. नवीन लॉट आला की आधी ॲसिड व्हॅल्यू घ्या.

कॅटॅलिस्टची तुलना करायची तर आम्ही एकच साचा ठेवलाय. चांगल्या डी-फोरचा एक छोटा कॅन, नायट्रोजनखाली सीलबंद, फक्त याच कामासाठी. १०० ग्रॅमची बॅच, एकच फ्लास्क, एकच स्टरर, दर १५ मिनिटांनी नमुना, प्रत्येक नमुना काढल्याबरोबर न्यूट्रल. नवीन लॉट आणि जुना चांगला लॉट शेजारी शेजारी लावतो. नवीन लॉटला ८० टक्क्यांवर जायला जुन्याच्या दीडपट वेळ लागला तर तो परत जातो. याच चाचणीने मला हेही दाखवलं की पहिल्या वर्षी आम्ही नाकारलेला वडगादीचा पोटॅश उत्तम होता. त्या दुकानदाराकडे मी स्वतः जाऊन आले आणि ऑर्डर पुन्हा सुरू केली.

टीएमएएचही परत वापरात आणला, पण खड्यांच्या रूपात नाही. थोड्या डी-फोरमध्ये तो ७०-८० अंशाला, व्हॅक्यूम आणि नायट्रोजनखाली पाणी निघून जाईपर्यंत फिरवायचा. आधी दुधाळ दिसणारं मिश्रण दाटसर होतं. हा सिलॅनोलेट मग बॅचला द्यायचा. तापमान ८० च्या वर फार जाऊ दिलं तर तो करतानाच फुटायला लागतो, माशासारखा वास आला की समजा कॅटॅलिस्ट जातोय. आणि इथे हातमोजे, गॉगल, एप्रन यांत जराही सूट देऊ नका. टीएमएएचचं सांद्र द्रावण कातडीतून आत शिरतं, श्वासाच्या स्नायूंवर परिणाम करतं, आणि त्याने माणसं गेलेली आहेत. नुसती कॉस्टिकची भाजणी समजून कुणी थांबू नये, लगेच भरपूर पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा.

शेवटी स्ट्रिपिंगबद्दल, कारण आता ग्राहक डी-फोरचा आकडा विचारतात. युरोपात ३१ जानेवारी २०२० पासून धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत डी-फोर आणि डी-फाइव्ह ०.१ टक्क्याच्या वर चालत नाहीत, त्यामुळे निर्यातदार मागे लागलेले असतात. व्हॅक्यूम पूर्ण, तापमान १७० आणि तरी डी-फोर एका पातळीखाली जातच नसेल, उलट व्हिस्कॉसिटी उतरत असेल, तर पंपाला दोष देऊ नका. कॅटॅलिस्ट जिवंत आहे आणि तुम्ही काढाल तेवढं डी-फोर तो पॉलिमरमधून परत तयार करतोय. न्यूट्रल करण्याची मात्रा तपासा. एक किलोत ५० पीपीएम पोटॅश असेल तर ॲसिटिक ॲसिड कमीत कमी ५४ मिलिग्रॅम लागतं, आणि दाट पॉलिमरमध्ये ते मिसळायला पाच मिनिटं पुरत नाहीत. आम्ही अर्धा तास फिरवतो, मग स्ट्रिप केलेला नमुना १५० अंशाला तीन तास ठेवून दर तासाला वजन घेतो. दुसऱ्या तासानंतरही वजन घटत असेल तर परत न्यूट्रल.

या पावसाळ्यात सलग पाच बॅच १८,५०० ते २१,००० मध्ये लागल्या. सहावी १६,००० ला आली. काकांनी आधी नॉन-व्होलाटाइल काढून दाखवलं, ८६.८. मग आम्ही दोघे ड्रमपाशी गेलो. श्वासाच्या नळीतलं सिलिका जेल तोंडापासून तळापर्यंत गुलाबी झालं होतं, आणि वहीत बदलल्याची शेवटची तारीख नऊ दिवसांपूर्वीची होती.